बर्लिनमधे बेकिंगचं सामान: कोपऱ्यावरचं तुर्की दुकान, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, यादी घेऊन जायचं आणि एका फेरीत सगळं पिशवीत, असं हवं असेल तर हे दुकान तुमच्या कामाचं नाही. पण नानकटाई, पाव, रवा केक असलं आपलं काही करत असाल आणि वेडिंग, नॉयकोल्न, क्रॉइत्सबेर्ग या बाजूला राहत असाल तर निम्मं सामान सुपरमार्केटपेक्षा तिथेच चांगलं मिळतं. मी वेडिंगमधे राहते, दुकान घराखालीच. बाहेर फळांचे खोके, आत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे सरायचं एवढीच जागा.

पहिला नंबर रव्याचा. सुपरमार्केटमधे जो ग्रीस म्हणून सगळीकडे दिसतो तो बहुतेक वेळा मऊ गव्हाचा असतो, त्यांच्या दुधातल्या खिरीसाठी, केकमधे त्याचं नुसतं पीठ होऊन बसतं, दाणा लागतच नाही. तुर्की दुकानात इरमिक मागायचा. मी घेते तो ड्युरम म्हणजे कडक गव्हाचा आहे, पिवळसर, दही-दुधात अर्धा तास भिजला तरी दाणा राहतो आणि उपमा-शिराही त्याच्यातच भागतो. माझ्या मते फक्त रव्यासाठीसुद्धा तिथे जायला हरकत नाही.

मैद्याचं मात्र बघून. जर्मन पाकिटांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात, पीठ जाळल्यावर १०० ग्रॅममागे साधारण किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा हिशोब आहे तो, आकडा कमी म्हणजे कोंडा कमी. नानकटाई आणि केकला ४०५, पावाला ५५०, आणि हे दोन्ही सुपरमार्केटमधून घ्या, स्वस्त पडतं. दुकानात मोठ्या पिशव्यांमधे तुर्की पीठ असतं, मी आणलेलं चांगलंच चिवट होतं, लादीपाव त्याचा मस्त फुगतो पण नानकटाई कडक येते, खुसखुशीतपणा नाहीच. तूपही तिथून नको, नानकटाईला जर्मन बुटरश्माल्त्स एकदम छान फेसलं जातं.

यीस्ट फ्रिजमधे, ४२ ग्रॅमची ताजी वडी. गल्ल्यावरच्या बाईंना सगळे आब्ला म्हणजे तुर्कीत ताई म्हणतात म्हणून मीही म्हणते, तर आब्ला वडी स्वतः अंगठ्याने दाबून बघतात, पटली नाही तर मान हलवून परत ठेवतात आणि म्हणतात उद्या ये. सुपरमार्केटमधे कोण करतंय हो हे! वडी फिकट हवी आणि कटकन तुटायला हवी, कडा तपकिरी आणि हाताला चिकट लागली तर राहू द्या. नसेल तर सुक्या यीस्टची ७ ग्रॅमची पुडी, अर्ध्या किलो पिठाला पुरते.

बेकिंग पावडरमधे एक गोची आहे जी कुणी सांगत नाही. जर्मन पुडी साधारण १५-१६ ग्रॅमची, अर्ध्या किलो पिठाच्या मापाची, ही पद्धत बीलेफेल्डच्या ऑगस्ट ओटकर नावाच्या औषधवाल्याने रूढ केली, त्याने दुकान घेतलं ते १८९१ मधे, तोच तो डॉ. ओटकर. तुर्की पुडी असते १० ग्रॅमची. त्यामुळे रेसिपीत "एक पुडी" दिसली की आधी रेसिपी जर्मन आहे की तुर्की ते बघा, नाहीतर सरळ वजनकाटा काढा. आणि जर्मन कोको बऱ्याचदा अल्कलीवर प्रक्रिया केलेला असतो, पाकिटावर कालियुमकार्बोनाट लिहिलेलं दिसलं तर नुसत्या सोड्याच्या भरवशावर केक फुगणार नाही, दही किंवा व्हिनेगर घालाच. दही दुकानात एक किलोच्या बादलीत मिळतं, त्यातलं सुझ्मे म्हणजे जवळजवळ चक्काच, श्रीखंडाला अजून दुसरं काही आणलं नाहीये मी.

सुकामेव्याबद्दल मिश्र मत. पिस्ते, तीळ, ताहिनी (तिळाची पेस्ट) उत्तम, सुपरमार्केटच्या मूठभर पाकिटापेक्षा कितीतरी परवडतं. अक्रोड मात्र उघड्या खोक्यातले, उन्हाळ्यात सरळ खवट निघाले आणि वास केकभर. आता एक तोंडात टाकल्याशिवाय घेत नाही, आब्लाही काही बोलत नाहीत. पिस्त्याची तयार पूड फारच हिरवीगार दिसली तर मागचे घटक वाचा, रंग आणि शेंगदाणे असू शकतात, त्यापेक्षा अख्खे घेऊन मिक्सरला फिरवा. वेलची मिळते पण जुनी वाटते, ती इंडियन स्टोअरमधूनच.

केकवर आयसिंग करणाऱ्यांसाठी, इथलं झाने म्हणजे खरं दुधाचं क्रीम, आपल्याकडच्या बेकरीवाल्यांच्या नॉन-डेअरी क्रीमसारखं ताठ राहत नाही, वाढदिवसाच्या खोलीत हळूहळू बसतं. दुकानात क्रेम शांतीची पावडर मिळते, थंडगार दुधात फेटायची. चव जरा कृत्रिम, पण फुलं उभी राहतात. चवीसाठी मी दोन्ही अर्धं अर्धं करते.

तक्रारी म्हणाल तर किमती अर्ध्या वस्तूंवर नसतातच, कार्डला किमान रकमेची अट आहे, आणि बटर सुपरमार्केटपेक्षा महाग. रविवारी दुकान बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसते, त्या वेळी आब्लांना यीस्ट बिस्ट विचारायला जाऊ नका. व्हॅनिलाच्या तुर्की पुड्यांवर व्हॅनिलिन लिहिलेलं असतं, म्हणजे कृत्रिम, केकमधे कळत नाही, कस्टर्डमधे लगेच कळतं.

जिलेटिनचं बरेच जण विचारतात म्हणून: जर्मन जिलेटिनचे कागद बहुतेक डुकराचे असतात, तुर्की दुकानात हलाल, गायीबैलाचं मिळतं. शाकाहारी असाल तर दोन्ही नाही, ऑरगॅनिक दुकानातून आगर-आगर आणा आणि उकळूनच घाला, नुसत्या गरम पाण्यात ते विरघळत नाही.