तळ्याकाठी तंबू की जंगलातली पडवी? ॲडिरॉन्डॅकचा फुकट मुक्काम

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेतल्या ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ पार्कात एक पैसा न देता राहता येतं, हे न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या आपल्या बऱ्याच मंडळींना आता ठाऊक आहे. गाडं अडतं ते पुढच्या प्रश्नावर. कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती हलकी नाव, घेऊन तळ्याकाठच्या एखाद्या जागेवर तंबू ठोकायचा, की पाठीवर सामान टाकून जंगलातल्या लीन-टू नावाच्या लाकडी निवाऱ्यापर्यंत चालत जायचं? मी दोन्ही केलं आहे, दोन्हींवर जीव आहे, आणि गेल्या दोन वर्षांत मात्र एकाच बाजूला जातो आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख. तुमचं गणित वेगळं असू शकतं, तेही शेवटी सांगतो.

नियमांची उजळणी थोडक्यात करतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. रस्ता, पायवाट, ओढा किंवा तळं यांपासून १५० फुटांच्या आत तंबू लावायचा नाही. अपवाद एकच: जिथं झाडावर ‘कॅम्प हिअर’ लिहिलेली पिवळी चकती ठोकलेली असते, ती जागा. नऊ माणसं आणि तीन रात्री इथपर्यंत परवाना लागत नाही. त्याहून जास्त असेल तर त्या भागाच्या रेंजरशी आधी बोलून परवाना घ्यायचा, तोही फुकट. आरक्षण कशाचंच नाही. जो आधी पोहोचेल त्याची जागा. ईस्टर्न हाय पीक्स या उंच शिखरांच्या भागाचे नियम याहून कडक आहेत. तिथं चूल पेटवता येत नाही, आणि एप्रिल ते नोव्हेंबर अन्न ठेवायला अस्वलाला उघडता न येणारा डबा सक्तीचा आहे. तो भाग मी इथं बाजूला ठेवतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांनीही ठेवावा असं वाटतं.

हे सगळं फुकट का, हे मुलांना जरूर सांगा. १८९४ साली न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत कलम आलं की हे सरकारी जंगल कायमचं रानच राहील. ते विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, त्यातलं लाकूड तोडायचं नाही. त्याआधी लाकूडतोडीनं डोंगर उघडे पडत चालले होते आणि नद्या-कालव्यांचं पाणी आटेल अशी लोकांना धास्ती होती. आज साठ लाख एकरांच्या या पार्कात जवळजवळ निम्मी जमीन सार्वजनिक आहे आणि तळी तीन हजारांच्या घरात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयाच्या जिवावर आपण आज तिथं पथारी पसरतो. निघताना चुलीतली राख थंड झाली का हे हात लावून बघणं, एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

आता लीन-टू. तो म्हणजे आपली पडवीच. ओंडक्यांच्या तीन भिंती, मागे उतरतं छप्पर, पुढची बाजू सताड उघडी, समोर दगडांची चूल. आत फळ्यांच्या जमिनीवर सात-आठ माणसं ओळीनं झोपू शकतात. सह्याद्रीत गुहेत, देवळात, पडक्या वाड्यात झोपलेल्या माणसाला लीन-टू पाहताक्षणी आपला वाटतो. पावसात तर त्याला तोड नाही. एका सप्टेंबरात दोन दिवस झड लागली होती. आम्ही अंथरुणातून न उठता समोरच्या झाडांवरून ओघळणारं पाणी बघत बसलो, छपराच्या कडेशी स्टोव्ह ठेवून मेतकूट-भात केला, आणि कपड्याचा एकही धागा भिजला नाही. तंबूत तेच दोन दिवस काढायचे म्हणजे तिघांनी गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, आणि निघताना भिजून दुप्पट झालेलं कापड पाठीवर. पाऊस नक्की असेल तर लीन-टूच, यात मला शंका नाही.

लीन-टूच्या बारीक कुरबुरी आहेत, पण त्या मी फारशा मनावर घेत नाही. आत तंबू लावायची परवानगी नाही, त्यामुळे जून-जुलैत मच्छरदाणी न्यावी लागते. उंदीर असतातच. दाण्याच्या लाडवांची पुरचुंडी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात राहिली तर बॅगेला भोक पडलेलं सकाळी दिसतं. अन्न लांब ठेवलं की हा त्रास जवळजवळ संपतो.

माझं मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत आम्ही तिघं नॉर्थव्हिल-प्लॅसिड ट्रेलवरच्या एका लीन-टूला निघालो. ही १९२०च्या दशकातली, सव्वाशे मैलांहून लांब पायवाट. आम्हाला तिचा पाच मैलांचा तुकडाच पुरे होता. लेक तेव्हा नऊ वर्षांची. घरून निघायला उशीर, वाटेत दोन ओढे, एक मोठी चिखलाची दलदल, आणि पोहोचेपर्यंत साडेसहा वाजलेले. आधी धुराचा वास आला, मग बोलणं ऐकू आलं. आत पाच जण होते.

लीन-टू भरेपर्यंत तो वाटून घ्यायचा असतो, हा नियम त्यांना माहीत होता, आणि माणसं भली होती. आम्हाला बघताच त्यांनी सामान एका बाजूला सरकवायला घेतलं. पण पाच अनोळखी पुरुष आणि त्यांच्याच ओळीत आम्ही तिघं, हे बायकोला नको वाटलं, आणि मला ते पूर्ण पटलं. आभार मानून आम्ही १५० फूट लांब सपाट जमीन शोधायला निघालो.

ज्यांनी ॲडिरॉन्डॅकच्या स्प्रूसच्या जंगलात अशी जमीन शोधली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पायवाट सोडली की जमीन अशी नसतेच. शेवाळानं झाकलेले धोंडे, त्यांच्यामध्ये पोकळ्या, वादळात उन्मळून एकमेकांवर पडलेली खोडं, आणि जिथं सपाट दिसतं तिथं पाऊल टाकलं की पाणी. वर वाळकं झाड उभं नाही ना, हेही बघावं लागतं, कारण वाऱ्यात तेच आधी खाली येतं. डोक्यावरचा दिवा लावून पाऊण तास फिरलो. शेवटी जिथं तंबू लागला तिथं इतका उतार होता, की रात्रभर तिघंही घसरत एका कोपऱ्यात जमत होतो आणि खालच्या बाजूला लेक. ती बिचारी काही बोलली नाही. पहाटे मी तिला उचलून वरच्या बाजूला घेतली, तर म्हणाली, “बाबा, उद्या पण इथेच?”

या मुक्कामात चूक कुणाचीच नव्हती. पण तो अनुभव मनातून गेला नाही. जागा रिकामी आहे की नाही हे कळायला लीन-टूच्या तोंडाशी जाऊन उभंच राहावं लागतं, आणि तोवर पाय थकलेले असतात, उजेड गेलेला असतो, पुढचा लीन-टू तीन-चार मैलांवर असतो. एकटा असतो तर मला त्याचं काही वाटलं नसतं. मूल बरोबर असताना ही अनिश्चितता मला पाचही मैल आतून कुरतडत होती, हे मला नंतर कळलं.

तळ्यावर हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटतो, कारण पाण्यावरून दिसतं. पुढच्या वर्षी आम्ही लेक लायला नावाच्या तळ्यावर गेलो. व्हिटनी विल्डरनेस या राखीव रानातलं सुमारे १४०० एकरांचं पाणी, मोटारबोटींना बंदी, काठावर आणि बेटांवर मिळून वीसहून जास्त जागा. कच्च्या रस्त्यानं जवळजवळ सहा मैल आत गेलं की गाडीतळ येतो, आणि तिथून कनू अर्धा किलोमीटर खांद्यावरून न्यावी लागते. या वहनाला तिकडे ‘कॅरी’ म्हणतात. पाण्यात शिरल्यावर काठाकाठानं वल्हवत निघालो. झाडांमधून कुठं निळा तंबू दिसला, कुठं खडकावर उपडी ठेवलेली कनू. लेक पुढच्या बाकावरून ओरडून सांगत होती, “भरली... भरली... इथं कुणी नाही!” चार भरलेल्या जागा ओलांडून पाचवी मिळाली. फार तर पाऊण तास गेला, तोही बसून, सामानाचं ओझं कनूवर, आणि सूर्य अजून वर. मला वाटतं, त्या पाऊण तासातच आमचा निर्णय झाला.

जागाही काय! पाइनच्या सुयांची मऊ सपाट जमीन, चुलीपासून पाण्यापर्यंत दहा पावलं. संध्याकाळी लून हा पाणपक्षी ओरडला. ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. लांबून कुणी हाक मारावी आणि मध्येच तिचं रडणं व्हावं, तसा काहीसा. लेक तंबूतून बाहेर येऊन अंधारात पाण्याकडे बघत उभी राहिली, ती झोपायलाच तयार नव्हती.

स्वयंपाकाच्या दृष्टीनंही कनूचं पारडं माझ्यापुरतं जड आहे. पाठीवरून नेताना मी भाजणी, मेतकूट आणि सुका मेवा यांपलीकडे जात नाही. कनूत लोखंडी तवासुद्धा येतो, कांदे-बटाटे येतात, अस्वलापासून अन्न राखणारा डबा सक्तीचा नसला तरी नेता येतो. फोडणी मात्र तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला द्या. हिंग-मोहरीचा वास आपल्याला घरचा वाटतो, अस्वलालाही तो लांबून येतो. भांडी घासायचं पाणी तळ्यात ओतायचं नाही, १५० फूट आत नेऊन टाकायचं. पिण्याचं पाणी दोन्हीकडे उकळून किंवा गाळूनच.

तळ्याची दुखणी लपवत नाही. पहिलं म्हणजे वारा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी दोननंतर पांढऱ्या लाटा दाखवू लागतं, आणि लेक लायलासारख्या मोठ्या तळ्यावर त्या कनूच्या काठावरून आत येतात. आम्ही दुपारी पाणी ओलांडत नाही, आणि परतायच्या दिवशी सातच्या आत निघतो. लाइफ जॅकेट न्यूयॉर्कमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना अंगात घालावंच लागतं, आणि नोव्हेंबर ते एप्रिल छोट्या नावेतल्या मोठ्यांनाही. माझं म्हणणं, मोठ्यांनी बाराही महिने घालावं. दुसरं दुखणं दवाचं. तळ्याकाठी पहाटे धुकं उतरतं आणि तंबू आतून-बाहेरून ओला होतो, म्हणून निघायच्या दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबायचं की लवकर पाणी ओलांडायचं, हा पेच दर वेळी पडतो. आम्ही ओला तंबू तसाच बांधतो आणि घरी मागच्या अंगणात वाळवतो. तिसरी गोष्ट कनूचं भाडं. मुक्काम फुकट असला तरी हा खर्च धरावा लागतो, आणि जमेल तर केव्हलारची हलकी कनू घ्या, कारण कॅरीत ॲल्युमिनियमचं वजन मानेला कळतं.

काळ्या माश्यांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्या चावून हैराण करतात. वाहत्या पाण्यात वाढतात, उन्हं उतरली की थांबतात. वाऱ्याच्या काठावर किंचित कमी लागतात, असा माझा अनुभव. आम्ही ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरातच जातो.

मग लीन-टू कुणी निवडावा? ज्याला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती आहे, त्यानं. दोघं-तिघं मित्र असतील आणि कुणा अनोळखी माणसाशेजारी झोपायला हरकत नसेल, त्यांनी. तिथल्या शेकोटीशी झालेल्या ओळखी टिकतात, हे मी पाहिलं आहे. आणि ऑक्टोबर लागल्यावर सगळ्यांनीच. तेव्हा तळ्याचं पाणी इतकं थंड असतं, की कनू उलटली तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. त्या दिवसांत मीही पडवीतच झोपेन. गर्दीही ओसरलेली असते, त्यामुळे माझी मूळ तक्रार बऱ्याच अंशी उरत नाही. उन्हाळ्यात जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आणि उजेडाचे तीन तास हाताशी ठेवून पोहोचा. तंबू सोबत हवाच, लीन-टूच्या भरवशावर तो घरी ठेवू नका. निघताना पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या वहीत नाव लिहायला विसरू नका. फोन लागत नाही, आणि रेंजर शोधायला निघाले तर आधी तीच वही उघडतात.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, पोहता येत असेल आणि प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरचा असेल, तर मी कनूकडे बोट दाखवीन. पहिल्या खेपेला लेक लायलाऐवजी सेंट रेजिस कनू एरियातलं एखादं लहान तळं बरं. तिथंही मोटारबोट नाही, आणि पाण्याचा पसारा लहान असल्यानं वारा कमी छळतो. फक्त लिटल क्लिअर पाँडवर मुक्कामाला बंदी आहे, ते पार करून पुढे जायचं.

आणि शनिवारी दुपारीच पोहोचणं भाग असेल, तर दोन्हीकडे जागेची खात्री धरू नका. इनलेट आणि इंडियन लेक या गावांमधल्या मूस रिव्हर प्लेन्समध्ये कच्च्या रस्त्याच्या कडेला फुकट जागा आहेत. गाडी शेजारीच उभी राहते, आणि जागा भरलेली दिसली तर खाली न उतरताच पुढच्या जागेकडे जाता येतं. तिथल्या एका रात्रीनंतर रविवारी सकाळी, बाकीची मंडळी परतू लागली की, तळ्यावरच्या चांगल्या जागा मोकळ्या व्हायला लागतात. गेल्या वर्षी आम्ही तसंच केलं, आणि आमची ती पाचवी जागा आम्हाला पुन्हा मिळाली.