कालवडी मोजायचा वजन-टेप: साडेतीनशे रुपये वसूल झाले का?

टेप दिसायला शिंप्याच्या टेपासारखाच, फक्त लांब, गोल डबीत गुंडाळून बसतो आणि एका बाजूला सेंटीमीटर, दुसऱ्या बाजूला थेट किलो छापलेले. पुढच्या पायांच्या लगेच मागून, छातीभोवती फिरवायचा, जिथं जुळेल तिथले किलो वाचायचे, संपलं काम. ऑनलाईन साडेतीनशेला पडला. कंपनी मुद्दाम सांगत नाही, दोनतीन जणांकडचे बघितले, सगळे साधारण सारखेच आहेत, आणि सोबत येणारा कागदही सगळ्यांचा इंग्रजीतच.

आता प्रश्न असा की गोठ्यात चार वासरं असणाऱ्यानं हे घ्यावं कशाला. आपल्याकडं कालवड भरवायची (म्हणजे गाभण करून घ्यायची) कधी, तर सव्वा वर्षाची झाली आणि माजावर आली की. वजन कोण बघतंय? खरं गणित वयाचं नाही, वजनाचं आहे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या साधारण ५५ ते ६० टक्के वजन झालं की भरवायची. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी दुधाळ जात) गाय साडेचारशे-पाचशे किलोची धरली तर कालवड २५० च्या पुढं गेलेली पाहिजे. २०० किलोची माजावर आली म्हणून भरवली की विताना अडते, आणि पहिल्या वेतात दूधही कमी, कारण खाल्लेलं अंगाला लावायचं का दुधाला लावायचं हेच तिला जमत नाही. उलट बाजूनं दोन वर्षं झाली तरी २२० किलोवरच अडकलीय तर तिला तेवढा काळ आपण नुसती वैरण घालत बसलोय. हे डोळ्यानं कळत नाही हो. रोज बघतो त्यामुळं सगळ्याच बऱ्या वाटतात.

भुईकाट्यावर नेऊन करा म्हणणारे भेटतील. तो काटा ट्रॅक्टर-ट्रकसाठी, ५-१० किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, आणि कालवडीला टेम्पोत चढवून नेण्याचा ताप वेगळाच. अगदी बारकं वासरू मात्र टेपावर मोजूच नका. घरच्या भुसार काट्यावर आपण उभं राहायचं, मग वासरू कवेत घेऊन उभं राहायचं, वजाबाकी करायची. जन्मताना ३० किलोचं असलं तर दोन महिन्यांत दुप्पट व्हायला पाहिजे, नाहीतर दूध कमी पडतंय, हगवण होऊन गेलीय किंवा जंताचं औषध राहिलंय.

टेपाचा खरा उपयोग त्यानंतर. पण किलोची बाजू डोळे झाकून धरू नका. ती परदेशी एचएफच्या बांध्यावर छापलीय, आमच्या एका संकरित कालवडीला टेप २६८ म्हणाला आणि काट्यावर भरली २५०. खिलार, गीरला तर वशिंडामुळं टेप नीट बसतच नाही, म्हशीच्या रेडीचा बांधा आणखी वेगळा. म्हणून मी सेंटीमीटरच लिहून ठेवतो. किलो पाहिजेच असतील तर जुनं सूत्र आहे: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी इंचात (खांद्याच्या टोकापासून मागं शेपटीच्या बाजूला बाहेर आलेल्या हाडापर्यंत), भागिले ६६०. घेर ५७, लांबी ५० असली तर २४६ किलो. हेही अंदाजच, पण लांबी हिशोबात आल्यानं बुटकी आणि लांबलचक अशा दोघींना एकच माप लागत नाही.

मोजताना खरी कसरत. कालवड सपाट जागेवर, चारी पाय सरळ, मान वर पाहिजे. तिनं खाली वाकून गव्हाणीत तोंड घातलं की माप बदललं. अडीचशे किलोच्या आसपास एका सेंटीमीटरचा फरक म्हणजे चार-पाच किलो, आता बघा टेप तिरका गेला किंवा एकानं आवळून धरला अन् दुसऱ्यानं सैल तर काय होतं. एकाच माणसानं मोजायचं, सकाळी वैरण-पाण्याआधी. आमचे अण्णा दावं धरतात, मी टेप फिरवतो, पोरगं वहीत लिहितं. टेप पोटाखालून पलीकडं घ्यायचा तर लाथेची तयारी ठेवा, मी वायरचा हूक करून त्यानं ओढून घेतो.

दर आठवड्याला मोजू नका. कालवड दिवसाला ६०० ग्रॅम वाढली तर आठवड्यात चार किलो, म्हणजे एक सेंटीमीटरपण नाही, तेवढी तर हाताची चूकच होते. महिन्यात १८ किलो, म्हणजे साडेतीन-चार सेंटीमीटर, ते स्पष्ट दिसतं. महिन्यात एकच सेंटीमीटर आला की समजायचं काहीतरी बिघडलंय. आमच्याकडं असं मागं पडलेलं जनावर बहुतेक वेळा गव्हाणीवर मोठ्या कालवडी ढकलून देतात तेच निघालं, वेगळं बांधलं की भरून निघतंय.

टेपाला एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे चरबी. नुसता मक्याचा भरडा घातलेली गुबगुबीत पण ठेंगणी कालवड टेपावर पास होते. म्हणून खांद्यापाशी उंचीपण बघतो, गोठ्याच्या खांबावर खुणा मारल्यात, तिला शेजारी उभी करायची. घेर वाढतोय आणि उंची थांबलीय असं दिसलं की भरडा कमी, पेंड आणि हिरवी वैरण वाढवायची. कालवडवयात चरबी चढली तर कासेची वाढ बिघडते, नंतर कितीही खायला घाला.

टिकायला टेप चांगला आहे, फायबरचा असल्यानं ताणत नाही, लोखंडी टेपाशी लावून बघितला, जुळला. शेण लागलं की धुवायचा, पण वाळवूनच डबीत गुंडाळा, नाहीतर स्प्रिंग गंजते. छपाई मात्र कच्ची, किलोच्या बाजूचे आकडे घासून पुसट होत चाललेत. मला त्या बाजूचं काम नाही, पण ज्यांना आहे त्यांनी घेताना ठसठशीत खोल छपाईचाच बघून घ्या. पाचपैकी साडेतीन. आणि एकदोनच वासरं असतील तर विकत घेऊ नका, दूध संस्थेच्या डॉक्टरकडं बहुतेक असतोच, महिन्यातून एकदा मागून आणा.