साईन ॲपमध्ये फाईल कुठून घ्यावी, चॅटमधून की गूगल ड्राइव्हवरून?

इंटिरियरची कामं घेतो, त्यामुळे कोटेशन, वर्क ऑर्डर, चलन असं काही ना काही आठवड्यातून चार-पाच वेळा मोबाईलवर साईन करावं लागतं. सही काय, बोट फिरवलं की झाली. घोळ होतो तो त्याच्या आधी, फाईल ॲपमध्ये घेताना. दोन्ही रस्ते मी भरपूर वापरलेत म्हणून लिहितोय, तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकतं.

चॅटमधून घेणं झटपट आहे यात वादच नाही. फाईल दाबून धरली, शेअर केली, साईन ॲप निवडलं, सही करून परत पाठवली, साईटवर जिन्यात उभ्या उभ्या होतं. एकदाच येणारा कागद असेल, प्लायच्या गाडीचं चलन वगैरे, तर मी अजूनही हेच करतो.

पण शेअर केलं की दरवेळी नवी कॉपी होते आणि माझ्या फोनवर तरी मूळ नाव जाऊन तारीख आणि पुढे नंबर एवढंच उरतं. साईन ॲपच्या यादीत एकाखाली एक पाच फाईली, शेवटचा आकडा तेवढा वेगळा, आणि लेटरहेड एकच असल्यामुळे वरचं छोटं चित्रही सगळ्यांचं सारखंच. मागे एका किचनचं कोटेशन आर्किटेक्टकडून दोनदा रिवाईज होऊन आलं, पहिल्यात सिंकखालच्या कॅबिनेटला एमआर प्लाय होता, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, शेवटच्यात बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, महाग, ७१० वाला, तिथे पाणी लागतंच म्हणून मीच आग्रह धरला होता. सही करायची होती ०००९ वर, मी केली ०००७ वर. क्लायंटनं त्याच रेटनं ॲडव्हान्स दिला. शब्द दिला होता म्हणून ७१० च लावला, वरचा फरक माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून कोटेशनला चॅटचा रस्ता बंद.

ड्राइव्हवर प्रत्येक साईटचं फोल्डर, आणि फाईलला आपण दिलेलं नाव तसंच राहतं. आर्किटेक्ट कंप्युटरवरून 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन नवी फाईल जुनीच्याच जागी चढवतो, त्यामुळे फोल्डरमध्ये दिसते एकच, आणि आधीची लागलीच तर साधारण ३० दिवस तिथेच मागे सापडते. त्रास इथेही आहे हं. बेसमेंटमध्ये रेंज नसली की चक्र नुसतं फिरत बसतं. शिवाय ॲपमध्ये येते ती कॉपीच, नंतर ड्राइव्हवर काही बदललं तर इकडे आपोआप येत नाही. म्हणून सही करायच्या वेळीच घ्यायची, सकाळी घेऊन ठेवायची नाही.

कॅमेऱ्यानं स्कॅन, शिक्का मारलेला कागद हातात असेल तरच. पीडीएफ असताना प्रिंट काढून स्कॅन करणारे बघितलेत मी, त्याचा फोटो होऊन बसतो, नंतर त्यात रक्कम शोधायला गेलं तर सापडत नाही.

आणि सोसायटीची पत्रं जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या वर्ड फाईलमध्ये येतात, ती कुठूनही घेतली तरी अक्षरांचा चुराच दिसतो, पाठवणाऱ्यालाच पीडीएफ करून द्या म्हणायचं.

दिवसाला एखादाच कागद येत असेल तर चॅट पुरेल बहुतेक. पण एकाच कागदाचं दुसरं-तिसरं रिविजन येत असेल तर मला वाटतं ड्राइव्हच बरं. फक्त दोन जीमेल असतील तर साईन ॲपला कामाचं तेवढंच जोडा, नाहीतर फाईल शोधायला गेलं की घरच्या लग्नाचे फोटो उघडतात आणि पलीकडे क्लायंट फोनवर ताटकळत असतो.