सतराच्या ॲव्हरेजपायी १७,३४९ रुपये गेले

आधी हिशेब. डिझेल वाचवणारी चिप ६,४९९. बसवायचे ५००. लॅपटॉप जोडून ‘मॅपिंग’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली म्हणे, त्याचे ८,५००. नंतर चिप बसवलेल्या सॉकेटची वाकलेली पिन आणि स्कॅनिंग मिळून १,८५०. जुन्नरहून वाशीला टोमॅटोचे कॅरेट नेणाऱ्या माणसाला एवढे पैसे सुटायला किती खेपा लागतात, ते पिकअपवाल्यांना सांगायला नको.

मी नवखा नाही, बारा वर्षं गाडी चालवतोय. पण भाडं वाढत नाही, डिझेल परवडत नाही, अशात भरल्या गाडीला लिटरमागं अकरा किलोमीटरचं पंधरा पडेल म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? शिवाय चिप विकणाऱ्यानं पैसे आधी मागितलेच नाहीत. “टाकी फुल करा, चालवून बघा, पटलं तर द्या.”

इथंच कळायला हवं होतं. गाडी रिकामी होती. आणि चालवायला नेली कुठं, तर माळशेज उतरून खाली! गिअरमध्ये उतार उतरताना इंजिन डिझेल जवळजवळ घेतच नाही, हे मीच पोरांना शिकवलंय. घाटावर त्यानं टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. घाटाखाली मात्र नोझल पहिल्यांदा कट झाल्याबरोबर “बास, फुल झाली” म्हणाला, म्हणजे डिझेल कमी भरलं आणि ॲव्हरेज जास्त दिसलं. मी शेजारी उभा होतो. सतराचं ॲव्हरेज निघालं आणि मी तिथंच यूपीआय केलं. ‘घाट चढून परत जाऊ, मग देतो’ एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. अजून रात्री तेच डोक्यात फिरतं.

पुढच्या चारही भरल्या खेपांना अकराच. इलेक्ट्रिशियननं चिप फोडून दाखवली. सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनवरून बॅटरीचा करंट घेऊन दिवा लुकलुकतो, बस्स. इंजिनची माहिती ज्या सहा आणि चौदा नंबरवरून जाते, तिथं वायरच नाही. मॅपिंगचा तर स्कॅनरवर मागमूसही नव्हता. दिवा लागला म्हणजे चिप चालते असं समजू नका.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “वस्तू घेतली, पैसे दिले, यात गुन्हा कसला?” दुसऱ्या ठाण्यात हद्द आड आली: गाडी घाटावर दाखवली, पैसे घाटाखाली दिले. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. ते दाखवलं, तर “आम्हाला कायदा शिकवू नका.” सायबर हेल्पलाइनला फोनवर तक्रार केली, तर म्हणे माणूस समोर भेटला होता, ही ऑनलाइन फसवणूक नाही. तीन दिवस गाडी उभी राहिली, त्याचं भाडं कोण देणार? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या पावतीवर नुसता मोबाइल नंबर, तोही बंद. जीएसटी नंबर आणि पत्ता नसलेली पावती हातात घेऊ नका.

ॲव्हरेज बघायचंच तर भरल्या गाडीनं, जाऊन-येऊन, त्याच पंपावर, त्याच नोझलवर. चाकांत हवा बरोबर ठेवा, एअर फिल्टर वेळेवर बदला, ताडपत्री फडफडू देऊ नका. त्याला चिप लागत नाही.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जातोय. अर्ज दोन प्रतींत लिहिलाय, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.