आगीनंतर शेजाऱ्यांनीच उभी केलेली मदत संस्था, आमचा वर्षभराचा अनुभव (अल्टाडेना, कॅलिफोर्निया)

ज्यांचं घर आगीत गेलंय आणि आता कुठून सुरुवात करावी हेच कळत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितेय. संस्थेचं नाव-नंबर इथे उघड टाकत नाही, ज्यांना हवंय त्यांनी मेसेज करा, लगेच देते.

७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी ईटन कॅन्यनला आग लागली तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. वारा असा की मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड आडवं व्हायला आलेलं, लाइट जात-येत होते. आम्ही लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेला राहायचो, तिकडे घरं सोडा हा आदेश पहाटे तीननंतर आला, तोवर समोरच्या घरातल्या रिटायर्ड पोस्टमनने एकेक दार ठोकून अख्खी गल्ली उठवली होती. माझी मुलं त्यांना पोस्टमन काकाच म्हणतात. पासपोर्टची पिशवी, सासूबाईंची औषधं आणि देवघरातला बाळकृष्ण, एवढं घेऊन निघालो. त्या आगीत १९ माणसं गेली, ९,४०० च्या वर इमारती जळाल्या, त्यात आमचं घर आणि पोस्टमन काकांचंही.

आता संस्थेबद्दल. अल्टाडेनाला स्वतःची नगरपालिका नाही, मेयर नाही. टाउन कौन्सिल आहे पण ती फक्त सल्ला देते, निर्णय सगळे लॉस एंजेलिस काउंटीचे, म्हणजे जिल्हा प्रशासनाचे. म्हणजे "आमच्या गल्लीचं काय" हे विचारायला जवळचं असं ऑफिसच नव्हतं. ती जागा या लोकांनी भरली. पोस्टमन काका, एक रिटायर्ड शाळाबाई, चर्चचं किचन सांभाळणाऱ्या एक बाई आणि एक इलेक्ट्रिशियन, असे चौघं एका चर्चच्या पार्किंगमध्ये फोल्डिंग टेबल टाकून बसले. चौघांपैकी तिघांची स्वतःची घरं गेलेली, रात्री हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे झोपायचं आणि सकाळी नऊला टेबलावर हजर. पुढे रीतसर नोंदणी झाली, संचालक मंडळ म्हणजे बोर्ड झालं, हिशोब दर महिन्याला भिंतीवर लागायला लागला, पण टेबल तेच आहे.

त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे प्रत्येक गल्लीला एक ब्लॉक कॅप्टन, म्हणजे त्या गल्लीचा प्रमुख, नेमला. ही कल्पना त्यांची स्वतःची नाही, ते स्वतःच सांगतात. २०१७ च्या टब्स फायर नावाच्या आगीत कॅलिफोर्नियातल्याच सांता रोझा शहराच्या कॉफी पार्कमधली हजारावर घरं जळाली होती, तिथल्या लोकांनी असेच ब्लॉक कॅप्टन नेमून वस्ती परत उभी केली. आमच्या पहिल्या झूम मीटिंगला तिथल्या एक बाई होत्या, आणि २०१८ ला कॅम्प फायर नावाच्या आगीत जे पॅराडाइज गाव जळालं (८५ माणसं गेली त्या आगीत) तिथले एक गृहस्थ होते. ते एवढंच म्हणाले की पहिल्या महिन्यात घाईने काही विकू नका आणि काही सही करू नका. तेव्हा आम्हाला रोज फोन येत होते, प्लॉट रोखीत घेतो म्हणून, आणि खरं सांगते, नवरा एका रात्री हो म्हणायच्या बेतात होता. दुसऱ्या दिवशी आमच्या जळक्या कुंपणाला "अल्टाडेना विकायला नाही"ची पाटी लावून आला.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते सामानाच्या यादीबद्दल. इन्शुरन्समध्ये घराचे पैसे वेगळे आणि आतल्या सामानाचे वेगळे. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पूर्ण घर गेलं असेल तर घराच्या कव्हरेजच्या (विम्याच्या रकमेच्या) ३० टक्के, जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, इतके सामानाचे पैसे कंपनीला यादी न मागता द्यावे लागायचे. हे आम्हाला कंपनीने सांगितलं नाही, शाळाबाईंनी टेबलावर सांगितलं. पण त्याच्या वरचं हवं असेल तर एकेक वस्तू लिहायची. एकेक म्हणजे चमचासुद्धा, किती साली घेतला, किती किमतीचा. मी तीन वेळा स्प्रेडशीट उघडली आणि तीन वेळा रडून बंद केली.

मग एका शनिवारी शाळाबाई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या, लॅपटॉप स्वतःकडे घेतला आणि म्हणाल्या डोळे मीट, किचनच्या दारात उभी राहा, डाव्या हाताचा पहिला ड्रॉवर उघड. मी बोलत गेले, त्या टाइप करत गेल्या. पोळपाट, लाटणं, सांडशी, झारा, पुरणयंत्र. पुरणयंत्रापाशी त्या थांबल्या आणि हे काय असतं विचारलं, मी हाताने फिरवून दाखवलं, त्यांनी स्पेलिंग विचारून तसंच्या तसं नाव लिहिलं आणि पुढे ते कशासाठी वापरतात तेही लिहिलं. मग कपाट, मग माझ्या आजीची पैठणी. तिची किंमत काय लावू, मी गप्प झाले. त्यांनी तो चौकोन पिवळा करून ठेवला, म्हणाल्या आज नको, पुढच्या शनिवारी. असे पाच शनिवार आणि सहाशेच्या वर ओळी. कंपनीने आमचा अॅडजस्टर (नुकसान तपासणारा त्यांचा माणूस) मध्येच तीन वेळा बदलला, प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून विचारायचा, पण यादी तयार होती म्हणून आम्ही नुसती पुढे पाठवत राहिलो.

राखेचंही काम त्यांनी नीट शिकवलं. आमच्याकडची बरीच घरं १९७८ च्या आधीची, म्हणजे रंगात शिसं, कुठे कुठे अॅस्बेस्टॉस. त्यामुळे कोरडी राख उकरायची नाही, आधी पाणी शिंपडून ओली करायची, एन-९५ मास्क, हातमोजे, अंगावर पांढरा सूट, आणि मुलांना अजिबात आणायचं नाही. चाळण्या त्यांच्याकडच्याच, लाकडी चौकटीला जाळी मारलेल्या. दोन मुलं कॉलेजातली आली होती मदतीला, बेडरूम जिथे होती तिथली राख चाळता चाळता त्यांना मंगळसूत्राच्या दोन वाट्या सापडल्या, काळ्या झालेल्या, एक थोडी वितळलेली. मण्यांचं नावच नाही. त्यातल्या एकाने तळहातावर ठेवून विचारलं की हे महत्त्वाचं आहे का. मला उत्तर देता आलं नाही, सासूबाईंनीच पुढे होऊन रुमालात बांधून घेतल्या.

मलबा काढण्याचे दोन टप्पे होते, आधी ईपीएने (केंद्र सरकारचं पर्यावरण खातं) बॅटऱ्या, गॅस सिलिंडर असल्या धोक्याच्या वस्तू काढल्या, मग आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (सैन्याचं इंजिनिअरिंग खातं) बाकीचं, पण दुसऱ्या टप्प्यासाठी काउंटीला राइट ऑफ एंट्रीचा, म्हणजे आपल्या जागेत यायच्या परवानगीचा, फॉर्म भरून द्यायला लागायचा आणि त्याला मुदत होती. शेजारच्या गल्लीतल्या एका ८० वर्षांच्या आजींना हे माहीतच नव्हतं, मुलगा दुसऱ्या राज्यात. पोस्टमन काकांना कुठल्या घरात कोण एकटं राहतं ते तोंडपाठ, ते यादी घेऊन एकेकाला शोधत हॉटेलांपर्यंत गेले आणि फॉर्म भरून घेतले. फेमाच्या (केंद्र सरकारची आपत्तीत मदत देणारी संस्था) नकाराच्या पत्राचंही तेच, लोक ते वाचून सोडून देत होते. इन्शुरन्स आहे म्हणून आधी नाही म्हणतात, पण कंपनीची कागदपत्रं जोडून ६० दिवसांत अपील करता येतं हे टेबलावरच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत.

आता जे पटलं नाही ते. सुरुवातीचे दोन महिने भाडेकरूंकडे त्यांचं लक्षच नव्हतं, सगळं घरमालकांभोवती फिरत होतं. माझ्या मैत्रिणीचं भाड्याचं घर गेलं, तिला टेबलावर "तुमच्यासाठी अजून काही ठरलं नाहीये" एवढंच ऐकून परत यावं लागलं, ते मला फार लागलं आणि मी मीटिंगमध्ये तसं बोललेही. एप्रिलपासून भाडेकरूंसाठी वेगळा दिवस सुरू झाला, पण तोपर्यंत ती रिव्हरसाइडला निघून गेली होती. दुसरं म्हणजे जुन्या कपड्यांचे ढीग. लोकांनी गाड्या भरभरून कपडे आणून टाकले, आणि चार माणसं आठवडाभर नुसते कपडेच निवडत बसली, त्या वेळात किती फॉर्म झाले असते. द्यायचं असेल तर पैसे द्या किंवा शनिवारचा वेळ द्या. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतके मेसेज यायचे की मुदतीच्या तारखा खाली गाडल्या जायच्या, अजूनही त्यात फारसा फरक नाही. ते सगळे थकलेत हेही दिसतं. चर्चच्या किचनवाल्या बाई ऑगस्टमध्ये आजारी पडल्या, त्यांच्या जागी कोणी तयार केलेलंच नव्हतं आणि तीन आठवडे सगळंच लटकलं. बोर्डाने याच्याकडे बघायला हवं, चार माणसांच्या जिवावर इतकी मोठी गोष्ट किती वर्षं चालणार?

कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र त्यांचं ऐकाच. राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर नंबर तपासल्याशिवाय ते कोणाशी बोलूही देत नाहीत, आणि अॅडव्हान्स १,००० डॉलर किंवा १० टक्के यातलं जे कमी तेवढाच. आमच्याकडे एकजण ४० हजार आधी मागत होता, इलेक्ट्रिशियन दादा सोबत आले आणि शांतपणे लायसन्स मागितलं, तो माणूस परत फिरकला नाही.

आमचं घर परत बांधायचं परमिट मागच्या महिन्यात आलं. मी आता गुरुवारी टेबलावर बसते, यादीच्या कामाला. पैठणीचा चौकोन अजून पिवळाच आहे, कंपनीला बाकीची यादी पाठवून दिली.

टेबल मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतं, सकाळी नऊपासून. जाताना पॉलिसीचं पहिलं पान, म्हणजे डिक्लरेशन पेज, घेऊन जा. तेही जळलं असेल तर तसेच जा, कंपनीला मागणीचं पत्र तिथेच लिहून मिळतं आणि कॅलिफोर्नियात मागितल्यापासून ३० दिवसांत पॉलिसीची पूर्ण प्रत त्यांना द्यावीच लागते.