फोटोसंग्रह हलवून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझे सुमारे एकतीस हजार डिजिटल फोटो अनेक वर्षे पिकासा या फोटो लावून ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले होते. गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासा बंद केले, तरी आधीच बसवलेले सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर चालत होते आणि त्यामुळे दुसरीकडे जाण्याचे काम मी पुढे ढकलत राहिले. संगणक वारंवार बंद पडू लागल्यावर मी घाईने पर्याय शोधला आणि त्याच घाईत एका जाहिरातीवर विश्वास ठेवला. पिकासातील अल्बम, कॅप्शन, चेहऱ्यांना दिलेली नावे आणि तारखा यांसह संपूर्ण संग्रह एका क्लिकमध्ये आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणून देण्याची हमी त्या जाहिरातीत होती.

मी आंधळेपणाने पैसे भरले नाहीत. विनामूल्य चाचणीत पन्नास फोटो हलवता येत होते. ते मी हलवले, मोठे करून पाहिले, कॅप्शन वाचल्या आणि सारे काही जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावरच वर्षाची वर्गणी भरली. खरी लबाडी या चाचणीतच होती, हे मला नंतर कळले. चाचणीत मूळ फाइल जशीच्या तशी नेली जात होती, तर पैसे भरल्यानंतर मी घेतलेल्या योजनेत प्रत्येक फोटो लहान करून नेला जात होता. ही गोष्ट पैसे भरण्याच्या पानावर कोठेही नव्हती; ती अटींच्या लांबलचक मजकुरात एका ओळीत दडवलेली होती.

रात्रभर काम चालले आणि सकाळी पडद्यावर ‘१०० टक्के यशस्वी’ असा संदेश आला. फोटोंची संख्या दोन्हीकडे तंतोतंत जुळत होती, त्यामुळे मी निश्चिंत झाले. संख्या जुळली म्हणजे फक्त तितक्या फाइल तयार झाल्या. त्या फाइलींच्या आत काय उरले आहे हे त्या आकड्यावरून समजत नाही. पाठोपाठ त्याच सॉफ्टवेअरने हजारो फोटो दुबार असल्याचे सांगून जागा मोकळी करण्याचा सल्ला दिला. मी होकार दिला, आणि त्याने नवी लहान प्रत ठेवून जुनी मूळ प्रत दुबार म्हणून पुसायला सुरुवात केली. पुसलेल्या फाइल रिसायकल बिनमध्येही जात नव्हत्या. माझ्या लक्षात येऊन मी ते थांबवले, तोवर बराच संग्रह गेला होता.

लक्षात आले ते एका फोटोमुळे. आजीने एका जुन्या कौटुंबिक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने सगळ्यांची नावे लिहून ठेवली होती. तो फोटो स्कॅन करून ती नावे मी कॅप्शनमध्ये उतरवली होती आणि तारीखही हाताने भरली होती. नव्या ठिकाणी तो उघडला, तेव्हा कॅप्शनची जागा रिकामी होती, तारीख आदल्या रात्रीची होती, आणि मागच्या रांगेतले चेहरे मोठे करताच फुटत होते. फाइलचे गुणधर्म पाहिले, तर साडेचार एमबीची फाइल सुमारे तीनशे केबीची झाली होती आणि ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो १६०० गुणिले १२०० वर आला होता.

मी तक्रार केली, तेव्हा मूळ आकार केवळ वरच्या योजनेत मिळतो आणि मेटाडेटा, म्हणजे कॅप्शन, तारीख अशी फोटोसोबत साठवलेली माहिती, परत आणण्याची सेवा वेगळी आहे, असे उत्तर आले. आजीने लिहिलेली नावे परत मिळतील या आशेने मी तेही पैसे भरले, आणि ही माझी सर्वांत मोठी चूक होती. त्यांनी प्रत्येक फोटोखाली त्याच्या फोल्डरचे नाव चिकटवून काम पूर्ण झाल्याचे कळवले. त्यानंतर पैसे परत मागितले, तर वापरलेल्या सेवेचा परतावा मिळत नाही, एवढेच एक वाक्य पुन्हा पुन्हा पाठवण्यात आले. वर्गणी दरवर्षी आपोआप कापली जाण्याची परवानगीही त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. ती मी बँकेमार्फत रद्द केली.

कोणी असा संग्रह हलवणार असेल, तर कळकळीची विनंती आहे की चाचणीवर विसंबू नका. पैसे भरल्यानंतर हललेल्या फोटोंपैकी काही फोटो, विशेषतः स्कॅन केलेले आणि हाताने माहिती भरलेले, काढून त्यांचा आकार, पिक्सेल, तारीख आणि कॅप्शन मूळ फाइलशी ताडून पाहा. तोवर जुनी प्रत वेगळ्या डिस्कवर, संगणकापासून काढून ठेवा. आपली माहिती नेमकी कोठे साठवलेली आहे हेही आधी शोधा, कारण पिकासा जेपेग फोटोंच्या कॅप्शन फाइलमध्येच लिहीत असे, पण चेहऱ्यांची नावे बहुधा प्रत्येक फोल्डरमधील लपवलेल्या ‘.पिकासा.आयएनआय’ या फाइलमध्ये राहत. फाइलच्या आतली माहिती तपासण्यासाठी एक्झिफटूल आणि संग्रह लावण्यासाठी डिजिकॅम ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. ही माहिती मला आधी असती, तर मी कोणालाही एक पैसा दिला नसता.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा बॅकअप एका बाह्य हार्ड डिस्कवर होता, म्हणून आजीचा फोटो कॅप्शनसह परत मिळाला. त्या लपवलेल्या फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर चेहऱ्यांच्या जागांचे सांकेतिक आकडे आणि खाली त्यांच्याशी जोडलेली नावे दिसली, आणि ती मी आता एकेक करून डिजिकॅममध्ये भरत आहे. बॅकअपनंतरच्या दोन वर्षांतील पुसल्या गेलेल्या फोटोंची मात्र लहान प्रतच उरली आहे. पुढे कोणी त्यांनाच मूळ समजू नये, म्हणून ते सगळे ‘मूळ प्रत नाही’ असे नाव दिलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत.