प्रियासाठी पार्ट: भंगारातला अस्सल की पेटीतला नवा?

साताऱ्यात जुनी प्रिया उभी करण्याची हौस वेगळीच. ही स्कूटर इथल्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार व्हायची. जुन्या पेट्रोलवाल्या बजाज चेतकशी तिचं जवळचं नातं, म्हणून चेतकचा माल बघायलाही हरकत नाही.

पत्र्याच्या कामाला मी डोळे झाकून जुनंच म्हणेन. बाजूचे डबे, मडगार्ड यांचा जुना पत्रा जाड आणि बसतो बरोबर. नव्या डब्याचं भोक एकीकडे, बोल्ट दुसरीकडे, मग पेंटर हातोडी घेऊन बसतो. अस्सल माल भंगारवाल्याकडे मिळाला तर उत्तम, नाहीतर रविवारी किंवा बुधवारी पुण्याचा जुना बाजार. जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथं ते चिकटत नाही तिथं रंगाखाली पुटीन भरलंय! स्पाको कंपनीचा जुना कार्बोरेटरही सोडू नका. बॉडी वाकलेली नसेल तर धुऊन, नवा किट टाकून चालतो.

रबर, केबल, ऑइल सील, क्लच प्लेट मात्र नवेच. पडून पडून रबर कडक होतं, सील हवा खेचतं आणि इंजिन रेस राहतं. पिस्टन आधी लेथवाल्याला विचारून, बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाच्या, मापानंच घ्या.

भंगारातलं अख्खं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याचा नंबर आरसी बुकाशी जुळत नाही. आरटीओत नोंद बदलायची तयारी असेल तरच हात घाला.